मंगलाजोडीला पहिल्यांदा जाताना: चिलिकाकाठच्या पक्ष्यांच्या गावाची वाट

भिगवणजवळ कुंभारगावच्या होडीत बसून रोहित पाहिलेले किंवा नांदूर मधमेश्वरच्या मनोऱ्यावर थंडीत कुडकुडत उभे राहिलेले पक्षीमित्र थोड्याच दिवसांत विचारू लागतात, "आता पुढे कुठे?" मला कुणी हे विचारले की मी ओडिशातल्या मंगलाजोडीचे नाव घेतो. तिथे पक्षी भरपूर दिसतात आणि फार जवळून दिसतात. पण मी ते नाव घेतो त्याचे मोठे कारण वेगळे आहे. एके काळी पक्षी मारून पोट भरणाऱ्या या गावाने पक्षी राखून पोट भरायचे ठरवले, आणि दोन दशकांहून अधिक काळ ते निभावले. तिथे पाहुणा म्हणून जायचे तर काही गोष्टी आधी माहीत असाव्यात. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी त्या क्रमाने लिहितो.

आधी गाव समजून घ्या

मंगलाजोडी हे खोर्धा जिल्ह्यात, टांगीजवळ, चिलिका सरोवराच्या उत्तर काठावर वसलेले गाव आहे. चिलिका हे खाऱ्या-गोड्या पाण्याचे विशाल खाजण. पावसाळ्यात त्याचा विस्तार हजार चौरस किलोमीटरच्या पुढे जातो. १९८१ साली भारतातल्या ज्या पहिल्या दोन जागा रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेल्या, त्यांतली एक चिलिका आणि दुसरी भरतपूरचे केवलादेव. आपल्या नांदूर मधमेश्वरला तो दर्जा मिळायला २०१९ उजाडले.

चिलिकाच्या उत्तर भागात महानदीच्या फाट्यांचे गोडे पाणी आणि गाळ येतो. त्यामुळे मंगलाजोडीच्या बाजूला पाणी उथळ आणि बरेचसे गोडे असते. नळ (उंच पाणगवत) आणि पाणकणसाची दाट बेटे, मधूनमधून चिखलाचे उघडे पट्टे, आणि त्यातून गेलेले होड्यांचे अरुंद पाट असा तो प्रदेश आहे. चिखलात किडे, गोगलगायी, अळ्या. पाण्यात कोवळे कोंब आणि बिया. गवतात लपायला जागा. एवढे सगळे एका ठिकाणी असल्यावर हिमालय ओलांडून आलेले पक्षी इथे का उतरतात ते वेगळे सांगावे लागत नाही.

त्याच कारणाने शिकारीही फोफावली होती. १९९०च्या दशकापर्यंत इथली कित्येक घरे हिवाळ्यात पक्ष्यांवर चालत. जाळी लावली जात, विष मिसळलेले आमिष टाकले जाई, रात्री शिकार होई, घरट्यांतली अंडी उचलली जात. मांस आसपासच्या बाजारात आणि ढाब्यांवर विकले जाई. पक्षी इतके घटले की संख्या जेमतेम पाच हजारांवर आली होती, असे या गावाविषयी वारंवार सांगितले जाते.

वळण आले ते 'वाइल्ड ओरिसा' या संस्थेच्या नंदकिशोर भुजबळ यांच्यामुळे. (आडनाव वाचून आपल्याकडचे वाटतात, पण ते ओडिया आहेत.) त्यांनी शिकाऱ्यांवर नुसती पोलीस कारवाई करून भागणार नाही हे ओळखले. ते वर्षानुवर्षे त्या माणसांमध्ये जाऊन बसले, बोलले, त्यांच्याबरोबर फिरले. २०००च्या सुमारास गावात 'श्री श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती' उभी राहिली आणि काल जाळे लावणारे आज राखणदार झाले. पुढे 'इंडियन ग्रामीण सर्व्हिसेस' या संस्थेच्या मदतीने २००९च्या आसपास मंगलाजोडी इकोटूरिझमची घडी बसली. गावकऱ्यांना मार्गदर्शक, नावाडी, स्वयंपाकी म्हणून नियमित रोजगार मिळू लागला. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेच्या पुरस्कारांत या कामाचा गौरव झाला.

हा इतिहास इतका लांबवून सांगितला, कारण तुम्ही तिथे करणार असलेल्या प्रत्येक गोष्टीचा त्याच्याशी संबंध आहे. कुठे राहता, कुणाच्या होडीत बसता, पक्ष्याच्या किती जवळ जायचा हट्ट धरता, या सगळ्यावर तो व्यवहार टिकून आहे. होडी वल्हवून घर चालते, तोवरच जाळे घरात गुंडाळलेले राहते.

केव्हा जायचे

स्थलांतरित पक्षी ऑक्टोबरमध्ये यायला लागतात आणि मार्चपर्यंत बहुतेक परततात. पहिल्या भेटीसाठी डिसेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ मी सुचवीन.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पावसाचे पाणी अजून चढलेले असते. चिखलपट्टे कमी दिसतात, त्यामुळे चिखलात चोच खुपसून खाणारे पक्षी पांगलेले असतात. शिवाय हे दिवस बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचे. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन याच किनाऱ्यावर गोपाळपूरजवळ धडकले होते. या काळात जायचेच असेल तर तिकीट काढण्याआधी आणि निघण्याआधी हवामान खात्याचा अंदाज पाहा.

जानेवारीत पाणी ओसरत जाते, चिखल उघडा पडतो आणि गर्दी शिगेला पोहोचते. याच महिन्यात चिलिकाची वार्षिक पक्षीगणना होते. अलीकडच्या गणनांमध्ये संपूर्ण सरोवरात दहा लाखांहून अधिक पक्षी मोजले गेले आहेत. नाताळ ते नवे वर्ष आणि २६ जानेवारीला जोडून येणारी सुट्टी मात्र टाळा. होड्या एकामागोमाग एक लागतात आणि पाटांमध्ये दाटी होते. आठवड्याच्या मधले दिवस निवडलेत तर तेच पाणी अगदी निवांत मिळते.

पावसाळ्यात जाणारे फार थोडे. पण तो या जागेचा दुसरा चेहरा आहे. कमळपक्ष्यांच्या वीणीचा तो काळ. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची शेपटी तेव्हाच दिसते, हिवाळ्यात ती गळालेली असते. अंडी उबवण्याचे काम नर करतो, आणि तरंगत्या पानांवरच्या घरट्याशी त्याची चाललेली धावपळ पाहण्यासारखी असते. हे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीसाठी ठेवा.

कसे पोहोचायचे

भुवनेश्वर इथून साधारण ७० किलोमीटरवर आहे. विमानाने भुवनेश्वरला उतरून मोटारीने दीड-दोन तासांत गावात पोहोचता येते. रस्ता राष्ट्रीय महामार्ग १६ने टांगीपर्यंत आणि तिथून आत वळून.

मला रेल्वेचा प्रवास जास्त आवडतो. मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे भुवनेश्वरला जाणारी कोणार्क एक्सप्रेस आपल्या लोकांसाठी सोयीची. तिला दीड दिवस लागतो, पण ब्रह्मपूर सोडल्यावर रूळ चिलिकाच्या काठाकाठाने धावतात. उजेड असेल तर उजव्या हाताच्या खिडकीतूनच पक्षीनिरीक्षण सुरू होते. मंगलाजोडीसाठी बालुगाव किंवा खोर्धा रोड ही स्थानके सोयीची. आपली गाडी त्यांतल्या कुठे थांबते ते तिकीट काढतानाच पाहून घ्या. विदर्भातून येणाऱ्यांना नागपूरवरून पुरीला जाणाऱ्या गाड्या आहेत. पुरीचा फाटा खोर्धा रोडलाच फुटतो, त्यामुळे तिथे उतरता येते.

स्थानकापासून गावापर्यंतची गाडी मुक्कामाच्या जागेलाच सांगून ठेवा. रात्री-अपरात्री उतरणार असाल तर हे नक्की करा.

मुक्काम आणि नोंदणी

गावात राहा. भुवनेश्वरहून पहाटे निघून दुपारी परतणारे पुष्कळ आहेत, पण त्यात सकाळची सर्वांत चांगली घटका रस्त्यावर जाते आणि खर्चाचा मोठा वाटा मोटारवाल्याकडे. मंगलाजोडी इकोटूरिझमच्या खोल्या आहेत, 'गॉडविट इको कॉटेज' आहे. सोयी साध्या, पण अंथरूण स्वच्छ आणि जेवण गरम. हंगामात महिनाभर आधी नोंदणी करा, आणि खोलीबरोबर होडी व मार्गदर्शकही त्याच वेळी ठरवा. खोली आहे पण पहाटेची होडी नाही, अशी पाळी येऊ देऊ नका.

नोंदणी करताना तीन गोष्टी विचारा: होडीत किती जण बसणार, फेरी किती वेळाची, आणि मार्गदर्शक नावाड्याखेरीज वेगळा असणार का. फेरी साधारण तीन तासांची असते. होडीत चारपेक्षा जास्त पाहुणे नसावेत, असा आग्रह धरा. पाच-सहा जण झाले की कुणाची तरी मान सतत कुणाच्या तरी दुर्बिणीआड येते.

दोन रात्री मुक्काम ठेवा. पहिल्या दिवशी दुपारी पोहोचून संध्याकाळची फेरी, दुसऱ्या दिवशी पहाट आणि संध्याकाळ, तिसऱ्या दिवशी पुन्हा पहाट. एवढ्यात पाणथळ कळू लागते. एकच फेरी होणार असेल तर पहाटेची घ्या.

इथे महाराष्ट्रातल्या माणसाची हमखास फसगत होते ती घड्याळाची. ओडिशा आपल्या खूप पूर्वेला आहे. डिसेंबरात मुंबईत सूर्य सातनंतर उगवतो, तिथे सव्वासहालाच वर येतो, आणि संध्याकाळी पाच-सव्वापाचला मावळतो. "सातला निघू" म्हणालात तर कोवळे ऊन संपलेले असेल. साडेपाचला उठून सहाला होडीत असायला हवे, आणि संध्याकाळची फेरी दोन-अडीचलाच सुरू करायला हवी.

रोख पैसे, त्यातही सुट्या नोटा, बरोबर ठेवा. नावाड्याला काही द्यायचे झाले तर पाचशेच्या नोटेचे सुटे त्या पहाटे कुठे मिळत नाही.

पिशवीत काय

दुर्बीण हवीच. ८×४२ची घ्या. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल ते सांगतो, दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. हलत्या होडीतून १०पट दुर्बीण हातात ठरत नाही आणि पहाटेच्या मंद उजेडात मोठ्या भिंगाचा फायदा होतो. विकत घ्यायची घाई करू नका. मार्गदर्शकाकडे दुर्बीण आणि पक्ष्यांचे पुस्तक असते, पण चौघांत एक दुर्बीण फिरवत बसण्यात पक्षी निघून जातो, म्हणून ओळखीच्या कुणाकडून तरी मागून न्या.

छायाचित्रे काढणाऱ्यांनी ३०० ते ४०० मिमी पल्ल्याची लेन्स न्यावी. ६००चे धूड इथे गरजेचे नाही, इतके पक्षी जवळ असतात. होडीच्या काठावर टेकवायला तांदूळ किंवा वाळू भरलेली छोटी पिशवी तिपाईपेक्षा कितीतरी उपयोगी. तिपाई होडीत अडगळ होते. फ्लॅश घरीच ठेवा. ड्रोन तर मुळीच नको.

कपडे मातकट, शेवाळी, राखी. पांढरा आणि भडक लाल-पिवळा टाळा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाण्यावर थंडी आणि बऱ्याचदा धुके असते, आणि नऊ वाजता ऊन चांगलेच चटकते. म्हणून एकावर एक घालून उतरवता येतील असे कपडे, टोपी, पाण्याची बाटली. प्लास्टिकच्या पुड्यातला खाऊ होडीत नेऊ नका. वाऱ्याने उडालेला कागद नळाच्या बेटात अडकला की काढता येत नाही.

आणखी एक, जे फारसे कुणी लिहीत नाही. तीन तास पाण्यावर स्वच्छतागृह नसते. निघण्याआधी त्याची सोय करून घ्या, चहा फेरीनंतर प्या. वृद्ध मंडळी असतील तर होडीत चढताना हात द्यायला माणूस मागा. होडी उथळ असते, पाय ठेवताच एका बाजूला कलते.

होडीत बसल्यावर

होड्या लाकडी, सपाट तळाच्या आणि बांबूने रेटत चालवायच्या. पक्ष्यांच्या भागात इंजिनाचा आवाज नाही. बांबू चिखलात रुततो, सुटताना पाण्याचा हलका 'चुळ्' असा आवाज येतो, आणि तेवढ्यानेच होडी पुढे सरकते. या शांततेची सवय व्हायला दहा मिनिटे लागतात. तेवढा वेळ कॅमेरा मांडीवर ठेवा.

बसल्यावर आधी नावाड्याशी आणि मार्गदर्शकाशी बोला. हिंदी चालते. "भाई" म्हणून हाक मारा, ओडियातही ती तशीच आहे. आपण पहिल्यांदा आलो आहोत, घाई नाही, आणि पक्षी उडवायचे नाहीत, हे स्पष्ट सांगा. या शेवटच्या वाक्याने पुढची फेरी ठरते. अनेक पाहुण्यांना थवा उडतानाचे चित्र हवे असते आणि ते नावाड्याला जवळ, आणखी जवळ न्यायला लावतात, वर बक्षिशीचे आमिष दाखवतात. त्या माणसाला ते आवडत नाही, पण पाहुणा नाराज झाला तर उद्याचे काम जाईल ही धास्ती असते. ती धास्ती तुम्ही पहिल्या मिनिटालाच काढून टाका. मग तो आपल्या मनाप्रमाणे होडी नेईल, आणि त्याचे मन पक्ष्यांच्या मनाशी जुळलेले आहे.

माझ्या एका फेरीत नावाडी नळाच्या बेटाशी अचानक थांबला आणि बांबूला टेकून उभा राहिला. मला काहीच दिसत नव्हते. त्याने बोटही केले नाही, नुसती हनुवटी पुढे काढली. दोन-तीन मिनिटांनी गवताच्या बुडातून लालसर छातीचा एक छोटा क्रेक, म्हणजे पाणकोंबडीच्या कुळातला पक्षी, बाहेर आला, चिखलावर चार पावले टाकली, काहीतरी टिपले आणि पुन्हा आत गेला. असा भित्रा पक्षी इतक्या जवळून मी त्याआधी पाहिला नव्हता. तो कुठून निघणार हे नावाड्याला कसे कळले? ज्या काळात तो त्याच पक्ष्यांमागे वेगळ्या हेतूने हिंडत होता, त्या काळातले ते ज्ञान. परत येताना हे त्याने स्वतःच सांगितले, न लाजता आणि न मिरवता.

अंतर किती ठेवायचे, हे मीटरमध्ये सांगता येत नाही. पक्षीच सांगतो. चरत असलेला पक्षी मान उंच करून तुमच्याकडे बघू लागला, हा पहिला इशारा. खाणे थांबले, अंग ताठ झाले, हळूहळू तुमच्या विरुद्ध दिशेला चालू लागला, हा दुसरा. इथे होडी थांबलीच पाहिजे. याच्या पुढे उडणे. एका पक्ष्याने झेप घेतली की शेकडो उठतात. हजारो किलोमीटर परतायचे असलेल्या पक्ष्याला हिवाळाभर अंगावर चरबी साठवावी लागते. विनाकारण उडायला लावलेली प्रत्येक झेप त्या साठ्यातून जाते. फेब्रुवारीच्या शेवटी तर हे फारच महत्त्वाचे.

पक्ष्याचे आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बाहेर बोलावणे, टाळी वाजवणे, खडा टाकणे, पाव-शेव फेकणे यांतले काही करू नका. दुसऱ्या होडीतले करत असतील तर आपल्या मार्गदर्शकाला हळूच सांगा. त्याच्या बोलण्याला तिथे वजन असते.

पहिल्या फेरीत कोणाला ओळखायचे

नवख्या माणसाला तिथे एकदम इतके पक्षी दिसतात की काही क्षण गोंधळायला होते. म्हणून आठ-दहा नावे घेऊन जा आणि तेवढीच पक्की करा.

सुरुवात *काळ्या शेपटीच्या गॉडविटपासून* करा, मंगलाजोडीचा मानकरी तोच. राखी-तपकिरी अंग, लांब पाय, आणि सरळ, लांब, बुडाशी गुलाबी चोच. ती चिखलात मुळापर्यंत खुपसून तो शिवणयंत्राच्या सुईसारखा टोचत जातो. उडाला की पंखावर पांढरा पट्टा आणि शेपटीचे काळे टोक लख्ख दिसते. एका पट्ट्यावर शेकड्यांनी असतात, आणि जगभरात त्यांची स्थिती चिंतेची मानली जाते, हे लक्षात ठेवून पाहा.

*शेकाट्या* आपल्याकडेही आहे: काळे-पांढरे अंग, काड्यांसारखे लांबलचक गुलाबी पाय. *ठिपकेवाली तुतारी* चिखलावर सतत शेपूट हलवत फिरते. *जांभळी पाणकोंबडी* न ओळखणे अशक्य: निळे-जांभळे अंग, लाल चोच, लाल पाय, आणि पाणकणसाचा कोंब पायाच्या बोटांत धरून सोलून खाण्याची ढब. *कमळपक्षी* दोन प्रकारचे दिसतील. त्यांच्या पायाची बोटे इतकी लांब की पानावर भार पसरतो आणि पान बुडत नाही.

बदकांत *चक्रवाक* आधी शोधा. केशरी-नारिंगी अंग, फिकट डोके, बहुधा जोडीने. रात्री जोडी ताटातूट होऊन एकमेकांना हाका मारते, ही आपल्या जुन्या काव्यातली कल्पना याच पक्ष्याची. तो उन्हाळ्यात लडाख-तिबेटच्या तळ्यांकाठी वीण करतो. *तलवार बदकाची* शेपटी टोकदार आणि नराच्या चॉकलेटी मानेवर पांढरी रेघ. *थापट्याची* चोच फावड्यासारखी रुंद, आणि पाण्यावर ती फिरवत तो अन्न गाळतो. *गडवाल* दुरून नुसता राखी दिसतो, दुर्बिणीतून पाहिले की नराच्या पिसांवरची बारीक जाळीदार नक्षी कळते. चटक लागावी अशी.

मग आकाशाकडे बघा. सगळे पट्टे एकदम उठले तर वर *मार्श हॅरियर* हा शिकारी पक्षी आलेला असतो. तो नळावरून खाली-खाली, पंख किंचित वर उचलून तरंगत जातो. होडीने न उडवलेला थवा त्याच्या सावलीने उडतो, आणि ते चित्र तुम्हाला कुणाला त्रास न देता मिळते. *ब्राह्मणी घार*, *जांभळा बगळा*, *उघड्या चोचीचा करकोचा*, *कवड्या खंड्या* आणि *टिबुकली* हे ओळखीचे चेहरे भेटत राहतील. काठाच्या गवतात *शंकर* नावाचा छोटा पक्षी नीट बघा. नराच्या गळ्यावरचा निळा-केशरी पट्टा एकदा पाहिला की विसरत नाही.

दिसलेल्या पक्ष्यांची वही ठेवा. वेळ, जागा, अंदाजे संख्या आणि तो काय करत होता. रात्री मार्गदर्शकाबरोबर यादी तपासून घ्या आणि जमल्यास ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. नक्की न ओळखलेला पक्षी "अनोळखी" म्हणूनच लिहा.

फेरी संपल्यावर गावात

सकाळी दहानंतर ऊन वाढते, पक्षी सुस्तावतात. तेव्हा गावातून चालत एक चक्कर मारा. मंगलाजोडी लाकडी होड्या बांधण्यासाठीही ओळखले जाते. वाटेत होडीचा सांगाडा उभा दिसला आणि कारागीर कामात असले तर विचारून थोडा वेळ थांबा. जाळी विणणारे, मासळी निवडणाऱ्या बाया दिसतील. माणसांची छायाचित्रे काढण्याआधी परवानगी घ्या. पक्ष्याला विचारता येत नाही, माणसाला येते.

जेवणात भात, दालमा म्हणजे भाज्या घालून शिजवलेली डाळ, आणि चिलिकाची मासळी. मासे खाणाऱ्यांनी चिंगुडी, म्हणजे कोळंबी, आणि खेकडे चुकवू नयेत. शाकाहारी असाल तर नोंदणी करतानाच सांगा, जेवण व्यवस्थित मिळते. गावात किंवा महामार्गावर कुठेही कुणी रानपक्ष्याचे मांस देऊ केले तर ठाम नकार द्या आणि मुक्कामाच्या ठिकाणी ते सांगा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे. त्याहून महत्त्वाचे, ज्यांनी तो धंदा सोडला त्यांच्या पोटावर तो पाय आहे.

मार्गदर्शकांना त्यांच्या जुन्या दिवसांविषयी विचारावे का, असे मला काहींनी विचारले आहे. विचारा, पण पहिल्याच फेरीत नको आणि चौकशीच्या सुरात नको. एखाद्या संध्याकाळी चहाला बसल्यावर ओघात निघाले तर ऐका. "तुम्ही किती पक्षी मारले?" हा प्रश्न मी एका पाहुण्याच्या तोंडून ऐकला आहे. उत्तर आले नाही, आणि उरलेली फेरी सगळे गप्प होते.

हाताशी दिवस असतील तर

चिलिकाच्या दुसऱ्या टोकाला सातपाडा आहे, तिथे इरावडी डॉल्फिन दिसतात. ती फेरी इंजिनाच्या होडीतून असते. डॉल्फिनच्या मागे होडी पळवायला लावू नका, इंजिन बंद करून थांबले की तेच वर येतात. सरोवरात मधोमध सुमारे साडेपंधरा चौरस किलोमीटरचे नलबन अभयारण्य आहे. नाव ऐकताच अर्थ कळतो, नळाचे वन. पावसाळ्यात ते बेट पाण्याखाली जाते आणि हिवाळ्यात वर येते. आत उतरायला मनाई आहे, दुरूनच पाहायचे. सातपाड्याहून पुरी आणि पुढे कोणार्क सोयीचे पडते.

पण दोन दिवसच असतील तर हे सगळे सोडा आणि मंगलाजोडीतच राहा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी दोन गोष्टी सांगून ठेवा. एक, ज्या नावाड्याची आणि मार्गदर्शकाची फेरी आवडली त्यांची नावे आणि नेमके काय आवडले ते. "पक्षी उडवले नाहीत म्हणून आवडले" असे शब्द तिथल्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या पाहुण्याने जवळ नेण्याचा हट्ट धरला तर नावाड्याला ती ओळ दाखवता येते. दुसरी, सकाळच्या गाडीची वेळ. शेवटच्या पहाटेची फेरी सहाला निघून नवाला काठाला लागते, न्हाणे-जेवण धरून साडेदहाच्या आत गाव सोडणे होत नाही. भुवनेश्वरहून दुपारी दोनच्या आधीचे विमान घेऊ नका.